चित्रावरचा हात

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात फुशारकीला फारशी जागा नाही. माझ्या वडिलांनी जन्मभर अंगठा उठवला. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी रत्नागिरीला जाऊन प्रमाणपत्राला चौकट करून आणली आणि लग्नात ते रुखवतात मांडलं, लाडवांच्या शेजारी. सासरी आल्यावर ते ओटीवर लागलं. खिळा सासऱ्यांनी स्वतः ठोकला. वाडीत कुणाला बँकेचा, तलाठ्याचा, रेशनचा कागद आला की तो आमच्या ओटीवर येतो. मी वाचून सांगते. सूनबायने वाचला म्हणजे कागद खरा, असं लोक म्हणतात, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू.

म्हणून वाडीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं तेव्हा कुणाला हात वर करायला लागला नाही. या समितीत मुलांचे पालक असतात, आणि आमच्याकडे पालक म्हणजे बायकाच. पुरुष मुंबईला. माझाही नवरा तिकडेच कामाला आहे. समितीत पुरुष असा एकच, माझे चुलत सासरे, तेही नातू त्यांच्याकडे राहतो म्हणून. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती.

शाळा म्हणजे चिऱ्याची एक लांबट खोली आणि पुढे पडवी. पहिली ते चौथी, सगळी मिळून नऊ मुलं. शिक्षकांच्या जागा दोन, पण एक बाई बदली होऊन गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. राहिले एक गुरुजी. तरुण, लातूरकडचे. ते मुलांना ‘लेकरांनो’ म्हणायचे आणि मुलं तोंडावर हात धरून हसायची. माणूस सज्जन. चारी इयत्ता एकाच खोलीत, चार कोपऱ्यांत चार ओळी. एका ओळीला शिकवायचं आणि बाकीच्या तीन ओळींना गप्प बसवायचं, असा त्यांचा दिवस जायचा.

गौरी-गणपती झाले, चाकरमानी परत गेले, आणि त्याच आठवड्यात केंद्रप्रमुख पत्र घेऊन आले. मी ते पडवीत उभ्या उभ्या वाचलं. ज्या शाळांचा पट कमी आहे त्यांची गुणवत्ता तपासायची होती. जिथे मुलं मागे आहेत, त्या शाळांचं तिठ्यावरच्या मोठ्या शाळेत समायोजन करायचं. मी दोनदा वाचलं. समायोजन हा शब्द किती मऊ आहे. आमच्यासाठी त्याचा अर्थ एकच होता. शाळेला कुलूप, आणि नऊ मुलं रोज पऱ्यापलीकडे.

पऱ्या म्हणजे तसा नाला. उन्हाळ्यात त्यात पाऊल बुडायचं नाही. पण ज्येष्ठ ते आश्विन तो लाल होऊन धावतो, आणि त्याच्यावर आहे एक साकव, माणूसभर रुंदीचा पूल. दोन पावसाळ्यांपूर्वी साकवाचा वरच्या अंगाचा कठडा वाहून गेला, तो परत बसला नाही. माझ्या लग्नाच्या वर्षी त्या साकवावरून एका गाईचा पाडा पाण्यात पडला होता. लोक काठाने धावले. मीही धावले. पाडा खाली गुरांच्या गोठणीजवळ सापडला, पण त्याचं डोकं पाण्यातून वर यायचं आणि परत जायचं, ते मी विसरलेले नाही. मोठं माणूसही त्या साकवावर मध्ये गेलं की खाली बघत नाही. पहिलीतल्या पोराला कोण सांगणार, खाली बघू नको म्हणून?

केंद्रप्रमुख बिचारे धीर द्यायला बघत होते. “मुलं वाचतात ना? मग भिऊ नका. विस्तार अधिकारी मॅडम येतील, वाचून घेतील, शेरा देतील. शेरा चांगला पडला की शाळेला कोण हात लावतंय.”

हे ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. आमची मुलं वाचण्यात हुशार, हे गावभर माहीत होतं. पंधरा ऑगस्टला कागद न घेता धडेच्या धडे म्हणायची. माझी मुलगी तर पुस्तक उघडलं की थांबायची नाही. मला वाटायचं, रक्त आहे.

मग एके दिवशी दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत होते आणि ती शेजारी पालथी पडून मोठ्याने वाचत होती. सुपातले तांदूळ सांडले. ते गोळा करायला मी वाकले तर माझा हात तिच्या पुस्तकावर टेकला. ती थांबली. मला वाटलं, पान संपलं.

“आई, हात काढ ना.”

“वाच की. अक्षरं खाली आहेत. मी चित्रावर हात ठेवलाय.”

“तेच तर. चित्र दिसत नाय.”

मी हात काढला. ती पुन्हा घडाघडा सुरू झाली. मी परत हात ठेवला, या वेळी मुद्दाम. ती गप्प. मला आधी हसू आलं. मग हसू गेलं. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, ‘परसात केळी पिकली.’ तिच्यापुढे धरलं. ती अक्षरांकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. तोंड बघून काही कळतंय का ते शोधत होती. मग म्हणाली, “पाऊस आला?”

मला सगळं उलगडायला संध्याकाळ झाली. चार इयत्ता एका खोलीत. पहिलीतलं पोर आपल्या ओळीत बसून दुसरीचं ऐकतं, तिसरीचं ऐकतं, चौथीचं ऐकतं. रोज. वर्षभर. आमची पोरं कानाची पक्की, एकदा ऐकलेलं सोडत नाहीत. तिसरीत जाईपर्यंत तिसरीचं पुस्तक त्यांना तोंडपाठ असतं. चित्र दिसलं की धडा कुठला ते कळतं, आणि मग तोंड चालू. बोट ओळीखालून फिरतं, तेही बरोबर वेगाने, कारण मोठ्यांचं बोट कसं फिरतं ते बघितलेलं असतं. यात लबाडी कुणाचीच नव्हती. पोरांना वाटत होतं, वाचणं म्हणतात ते हेच. आम्हालाही तेच वाटत होतं. मी तर बी.ए., मलाही.

पुढच्या दोन दिवसांत मी पेरू द्यायच्या निमित्ताने एकेकाला ओटीवर बोलावलं आणि वाण्याच्या पुडीचा कागद वाचायला दिला. पहिलीतल्या दोघांना सोडून दिलं, ती अजून लहान. चौथीतल्या दोघी नीट वाचत होत्या. त्या पहिलीत होत्या तेव्हा बदली झालेल्या बाई शाळेत होत्या ना. दुसरीतली एक अडखळत का होईना वाचत होती. पण तिसरीतली तिन्ही आणि दुसरीतला एक, अशी चार मुलं त्या कागदाकडे मुकी होऊन बघत राहिली. त्यातली एक माझी. एक चुलत सासऱ्यांचा नातू.

गुरुजी मला वरच्या कातळावर सापडले. वाडीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून मुलांच्या खिचडीचा फोटो आणि रोजची माहिती पाठवायला ते मधल्या सुट्टीत कातळ चढून जायचे. मी त्यांना चित्राचं सांगितलं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि खाली बसले.

“मला दोघांचं कळलं होतं, ताई. चौघांचं नव्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणाला बोलू? वर बोललो तर शाळा जाती. तुम्हाला बोललो तर मी जातो.”

मी त्यांना रागाने काहीतरी बोलणार होते, पण मीही त्यांच्याशेजारी कातळावर बसले.

मॅडम यायला तीन आठवडे होते. मी समितीची बैठक शाळेच्या पडवीत घेतली आणि सगळं सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, ताई, तुमच्या मुलीलापण येत नाही? ते तिने कुजकटपणे विचारलं नव्हतं, खरंच विचारलं होतं. मी हो म्हटलं. मला वाटलं, ओटीवरच्या प्रमाणपत्राची काच तडकल्याचा आवाज आत्ता या पडवीतसुद्धा ऐकू येईल.

चुलत सासरे सुपारी कातरत होते. ते शांतपणे म्हणाले, “सूनबाय, आपला गुरव देवीपुढं गाऱ्हाणं घालतो. तो काय वाचून घालतो? येक शब्द हिकडचा तिकडं होत नाय. आजपातुर देवीला कमी पडला काय?”

सगळ्या हसल्या. भीती थोडी हलली. मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि आवाज उतरवला. ते म्हणाले, घरातलं घरात ठेव. साकव तू ओलांडशील, माझा नातू कसा ओलांडायचा? ठरलं ते असं की कुणी काही बोलायचं नाही. मॅडमनी पुस्तक मागितलं की गुरुजींनी चित्राचं पान उघडून द्यायचं. पुढचं पोरं बघून घेतील. मी इतिवृत्त लिहिलं. त्यात शाळेच्या आवाराची स्वच्छता लिहिली.

ते तीन आठवडे मला जेवण गेलं नाही. मी मुलीला रोज घेऊन बसायचे. पण भ्यालेलं माणूस शिकवायला लागलं की पोर आधी भीतीच शिकतं. क आणि फ मध्ये ती गोंधळायची, मी ओरडायचे, ती माझ्या तोंडाकडे बघायची. घाटीत गाडीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून ऐकायचे. असायचा तो मासेवाल्याचा टेम्पो.

मॅडम आल्या त्या सकाळी, दुचाकीवरून, एकट्या. रंग उडालेली छत्री, खांद्याला पिशवी. त्या कोकम सरबत एका दमात प्यायल्या. त्या दिवशी त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. मी मनात एका कडक बाईची वाट बघत होते, आणि या तर माझ्या थोरल्या नणंदेसारख्या दमलेल्या होत्या. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

गुरुजींनी पुस्तक उघडून दिलं. मॅडमनी ते मिटलं आणि स्वतःच मधे कुठेतरी उघडलं. मी बसल्या जागेवरून मान उंच केली. पानावर चित्र होतं. विहीर, रहाट, पाणी भरणाऱ्या बायका. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि माझ्या मुलीकडे बोट केलं.

ती उभी राहिली. पुस्तक हातात घेतलं, चित्राकडे एकदा बघितलं, आणि वाचायला लागली. म्हणजे बोलायला लागली. कुठे थांबायचं तिथे थांबली. प्रश्न आला तिथे आवाज वर नेला. बोट ओळीखालून सरकत होतं. चुलत सासरे पडवीत उभे राहून तिच्याबरोबर मान डोलवत होते. मी पदराखाली हात घट्ट धरून बसले होते, कारण माझा हात उठेल आणि त्या चित्रावर जाऊन पडेल असं मला वाटत होतं. उठला नाही. मॅडम म्हणाल्या, किती गोड वाचते. अजून दोघांना वाचायला लावलं. तीही बोलली.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं, वाचन उत्तम, विद्यार्थी धीट. आणि अध्यक्षांची सही म्हणून पेन माझ्याकडे दिलं. मी सहीखाली नेहमी बी.ए. लिहिते. त्या दिवशीही लिहिलं.

वाडीत त्या संध्याकाळी देवीला नारळ ठेवला. समायोजनाच्या यादीतून आमची शाळा तूर्त वगळल्याचं केंद्रप्रमुखांनी सांगितलं. सगळ्या बायका खूश, गुरुजी मात्र माझ्याकडे बघत नव्हते. मीही त्यांच्याकडे बघत नव्हते. आधी भीती होती ती मॅडम येण्याची. आता त्या येऊन गेल्या होत्या, आणि माझी भीती वाढली होती. कारण आमच्या मुलांना वाचता येतं, असं आता सरकारी पुस्तकात लिहिलेलं होतं. ज्याला येतं त्याला कोण शिकवायला येणार?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी गुरुजी सकाळीच आमच्या ओटीवर आले. हातात कागद. त्यांनाही तो माझ्याकडून वाचून घ्यायचा होता की काय, कोण जाणे. मी वाचला. आमच्या शाळेची गुणवत्ता चांगली आहे, सबब आमच्या शिक्षकांनी आठवड्यातले तीन दिवस घाटीपलीकडच्या एका शाळेत कामगिरीवर जावं, कारण तिथली मुलं वाचनात मागे आहेत. त्या तीन दिवशी आमच्याकडे शेजारच्या शाळेतून जमेल तसं कुणीतरी येईल.

गुरुजी म्हणाले, “आपण पास झालो, ताई.”

मी चुलत सासऱ्यांकडे गेले. त्यांना सांगितलं की मी पंचायत समितीत जाऊन खरं सांगणार आहे. ते म्हणाले, “आता काय सांगशील गो? सही तुजीच हाय.”

हीच तर भीती होती. अंगठा असता तर म्हणता आलं असतं, आम्हाला काय कळतंय. सहीवाल्या माणसाला ते म्हणता येत नाही. माझ्या बापाने मला शिकवलं ते याच्यासाठी, असा विचार मनात आला आणि तो काही सुखाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने तालुक्याला गेले. कॉलेजला जाताना अशाच गाडीत खिडकीपाशी बसून मी अभ्यास करायचे. त्या दिवशी मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक थांब्याला ती विसरत होते. ऑफिसात बाकावर बसले. मला दोनदा वाटलं, उठावं आणि परतीची गाडी धरावी. कुणाला कळलंही नसतं. शाळा राहिली असती, तीन दिवस बिनशिक्षकाची, पण राहिली असती. साकव ओलांडावा लागला नसता. खरं बोलले तर मीच माझ्या हाताने नऊ पोरांना त्या साकवावर उभं करणार होते. मग माझी मुलगी डोळ्यांपुढे आली, माझ्या तोंडाकडे बघून पाऊस आला का म्हणून विचारणारी. मी बसून राहिले.

मॅडमनी मला ओळखलं. मी उभ्यानेच सांगितलं, सगळं, गुरुजींनी उघडून दिलेल्या पानापासून माझ्या सहीपर्यंत. माझं झाल्यावर त्यांनी कपाटातून एक पाठ्यपुस्तक काढलं, उघडलं, आणि चित्रावर स्वतःचा पंजा ठेवून त्या पानाकडे थोडा वेळ बघत बसल्या. बहुतेक त्या मनात त्यांच्या बाकीच्या शाळा मोजत होत्या.

“हे लेखी द्याल?” त्या म्हणाल्या. “तोंडी सांगितलंत तर मी ऐकलं आणि तुम्ही घरी गेलात. लेखी दिलंत की फाइलला लागणार. मग शाळेचं काय होईल ते माझ्या हातात नाही, हे आत्ताच सांगते.”

मी त्यांच्याच टेबलावर लिहिलं. अर्ज लिहायची मला सवय आहे, वाडीचे सगळे अर्ज मीच लिहिते. पण तो लिहिताना माझं अक्षर शाळेतल्या पोरासारखं झालं. लिहिलं की माझ्या मुलीला आणि आणखी तीन मुलांना वाचता येत नाही, मुलं पाठ म्हणतात. शेऱ्याखाली सही करताना मला हे माहीत होतं, तेही लिहिलं. आमच्या गुरुजींची कामगिरी रद्द व्हावी आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा भरावी. खाली सही केली. बी.ए. लिहू की नको, असं झालं. लिहिलं. ते खरं होतं.

आवक खिडकीतल्या भाऊंनी दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

वाडीत बातमी माझ्याआधी पोचली होती. समितीतल्या दोघी पाणवठ्यावर माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. पंधरा दिवस आमच्या ओटीवर एकही कागद आला नाही. लोक तो दुसऱ्या वाडीत घेऊन जायला लागले. सासरे प्रमाणपत्रावरची धूळ पुसताना दिसले. आणि एक दिवस चुलत सासरे नातवाला घेऊन अंगणात आले. पायरी चढले नाहीत. खालूनच म्हणाले, “ह्याचापण हात धर,” आणि गेले.

आता रोज शाळा सुटल्यावर ती चारही मुलं आमच्या ओटीवर बसतात. पुस्तक उघडायचं नाही, हा नियम. जुन्या कॅलेंडरांच्या मागे मी घरातल्याच गोष्टी लिहिते. कोंबडी माचीवर चढली. आजोबांचा चष्मा हरवला. चित्र नाही. गुरुजीही शाळेत आता भिंतीकडे तोंड करून बसवतात एकेकाला, म्हणजे दुसऱ्या ओळीचं कानावर कमी पडावं. कामगिरीला तूर्त स्थगिती मिळाली आहे. शिमग्याच्या आधी फेरतपासणी आहे, आणि समायोजनाचं पत्र फाइलमधून पुन्हा वर आलं आहे, हे केंद्रप्रमुखांनी मला हळूच सांगितलं. दुसऱ्या शिक्षकाचं कुणी काही बोलत नाही. घाटीत गाडी वाजली की मी अजून हातातलं काम टाकून ऐकते.

परवा मुलगी माझी पिशवी उचकत होती. तिला ती पोचेची, शिक्का मारलेली अर्जाची प्रत सापडली. मी काढून घेणार होते, मग थांबले. तिने कागद मांडीवर पसरला, बोट ठेवलं. या वेळी बोट सरकत नव्हतं, एकेका अक्षरावर उभं राहत होतं.

“मा... झ्या. माझ्या. मु... ली... ला.” तिने मान वर केली. “म्हणजे मला?”

“हो. तुला.”

“काय लिवलंस गो आई माझ्याबद्दल?”

“वाच,” मी म्हटलं.

ती पुन्हा कागदावर वाकली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. पुढचा शब्द छोटासाच होता, आणि तिचं बोट त्याच्या पहिल्या अक्षरावर थांबलं होतं. मी हात मागे घेतला आणि वाट बघत बसले.